यूव्हीकाका

पॉलिमरच्या प्रत्येक प्रयोगशाळेत एक यूव्हीकाका असतो. वय तिशीचंही असेल. ‘काका’ ही पदवी केसांवरून नव्हे, काळजीवरून मिळते. जग अंधाराला भितं, काका उजेडाला. त्यांच्या खोलीच्या काचांना पिवळी फिल्म, ट्यूबलाइटला पिवळं आवरण, रसायनं तपकिरी बाटल्यांत आणि त्यांवर फॉइलचा पदर. आत जाणारा प्रत्येक जण हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसतो. कुणी दार उघडं टाकलं की काकांचा आवाज चढतो, “अहो, दार! दिव्याखाली जायच्या आधीच थिजेल ना रेझिन!”

थिजणं हाच त्यांचा धर्म. रेझिनमधल्या सुट्या साखळ्यांवर अतिनील किरण पडले की त्या एकमेकींत गुंततात, जाळं तयार होतं आणि मग ते कशातच विरघळत नाही. काका हे कुणालाही सांगतात; रिक्षावाल्यालासुद्धा. पुढचा थांबा निएप्स. 1820च्या दशकात त्या फ्रेंच गृहस्थानं डांबर फासलेल्या पत्र्यावर ऊन पाडलं, ऊन लागलं तिथलं डांबर घट्ट झालं, उरलेलं लव्हेंडरच्या तेलानं धुऊन काढलं आणि छायाचित्र मिळालं. “आणि जवळ प्रकाश मोजायला साधा रेडिओमीटरही नव्हता!” हे सांगताना काकांचा कंठ दाटतो. त्यानंतर कोडॅकचे लुई मिन्स्क आणि त्यांचं पॉलिव्हिनाइल सिनॅमेट. त्यात शेजारशेजारचे दोन दुहेरी बंध प्रकाशात जुळून चार कार्बनांचं कडं होतं. यातला सिनॅमिक आम्लाचा भाग दालचिनीच्या कुळातला, म्हणून पुलावातली दालचिनी काका फेकत नाहीत. ताटाच्या कडेला मानानं बसवतात.

काकांचा विश्वास मात्र कशावरच नाही. नमुना 365 नॅनोमीटरच्या दिव्याखालून निघाला की आधी बोट लावतात. वरून चिकट लागलं तर आरोपी ठरलेला: ऑक्सिजन. “पृष्ठभागावरचे रॅडिकल हाच खातो,” असं म्हणत त्याला हाकलायला नायट्रोजनचा नळ सोडतात. मग थर निघतो का ते पाहायला एमईके या द्रावकात भिजवलेला बोळा घेऊन पुढे-मागे चोळायला लागतात, मोठ्यानं मोजत. या वेळी कुणी “काका, चहा?” विचारलं की आकडा चुकतो आणि नव्या पट्टीवर एकपासून सुरुवात होते. खरी परीक्षा त्यानंतरची. फिल्म वजन करून जाळीत बांधायची, सॉक्सलेटच्या उपकरणात गरम द्रावकानं चोवीस तास धुवायची, वाळवून पुन्हा तोलायची. उरलं ते जेल, धुऊन गेलं ते सगळं ढोंग.

हाच काटा ते माणसांनाही लावतात. नवा विद्यार्थी मुलाखतीत चमकला तरी काका मान हलवतात, “चकाकी वरवरची आहे. द्रावकात टाकून बघा.” पहिल्या फसलेल्या प्रयोगानंतरही जो सकाळी वेळेवर आला, त्याच्याबद्दल मात्र “जेल चांगलं आहे” असं हळूच पुटपुटतात. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्याकडे नाही.

काकांना काळोखाचे म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. पण यूव्हीवर सुकलेलं वेष्टन तेलकट हातानं धरलं आणि त्यावरचं नाव पुसलं गेलं नाही, तर एवढं ओळखा: कुणीतरी आधी तिथे बोळा चोळला आहे, आणि त्याला मध्येच कुणी चहा विचारलेला नाही.