साडी, 1 नग

आमच्या शहरातल्या गुलमंडी बाजारातल्या एका दुकानातून मागच्या दिवाळीत आम्ही पैठणी घेतली. दुकानाचं नाव सांगत नाही, शेठ आमच्या ओळखीचे आहेत. तेच म्हणाले होते, "येवल्याची नाही सर, थेट पैठणची. हातमागावरची. विणायला तीन महिने लागले. वहिनींना हात लावून पाहू द्या."

किंमत साडेचार हजार. त्यात तीन महिन्यांची मजुरी बसते कशी, हा भागाकार मी दुकानातच करायला हवा होता. तो केला घरी, बायकोने पदर उलटा केल्यावर. हातमागाच्या अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. आमच्या पदरावरच्या मोराच्या पाठीमागे मात्र दोऱ्यांचा नुसता गुंता लोंबत होता.

साडी घेऊन परत गेलो. शेठनी काही न बोलता भिंतीकडे बोट केलं. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मीही घरून वाचून गेलो होतो. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020पासून लागू आहे, आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत न घेणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बोर्ड वडिलांच्या हातचा आहे. श्रद्धेने ठेवलाय."

पुढच्या आठवड्यात श्रद्धा उतरली आणि नवा बोर्ड लागला: 'माल बदलून मिळेल. सोमवार ते शुक्रवार, दुपारी 1 ते 3. रोख परत नाही. सणासुदीत बदली बंद.' कायद्याने धंद्यावर काय परिणाम झाला म्हणून विचाराल, तर पेंटरचा धंदा वाढला.

पण खरी करामत बिलात. दिवाळीत खरेदी करताना बिल मागितलं तेव्हा शेठचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या मुलीची पत्रिका मागितली. "पक्कं पाहिजे? मग रेट वेगळा." शेवटी गल्ल्याखालून बिलबुक निघालं. त्यावर अजून 'औरंगाबाद' छापलेलं. शहराचं नाव 2023मध्ये बदललं, बिलबुक काही संपलं नाही. फाडलं तर संपेल ना! त्यावर शेठनी लिहिलं: 'साडी, 1 नग.'

पैठणी नाही, हातमाग नाही, पैठण तर नाहीच. तोंडाने तीन महिन्यांची विणाई, कागदावर एक नग. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी 1974 साली ग्राहक पंचायत उभी केली, 1986मध्ये देशाचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि तेव्हापासून आमच्या बाजारपेठेने एकच गोष्ट मनापासून आत्मसात केली: काय लिहायचं नाही. बिल न देणं हीही कायद्याने अनुचित प्रथाच. ती सिद्ध करायला गेलात, की पहिला प्रश्न येतो, खरेदीचा पुरावा काय?

मोबाइल नंबर मात्र शेठनी अगत्याने लिहून घेतला. त्यासाठी आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023मध्येच दुकानदारांना सांगितलंय. साडीची जात ज्यांना लिहिता आली नाही, त्यांना माझे दहाही आकडे बिनचूक लिहिता आले.

"असे कायदे केल्यावर धंदा करायचा कसा?" साडी परत करायला गेलो तेव्हा शेठ वैतागले. त्यांचं सगळंच खोटं नाही. मिक्सर बिघडतो कंपनीचा, शिव्या खातो गुलमंडीवरचा दुकानदार. मी त्यांना म्हटलं, ऑनलाइन मागवलेला माल खराब निघाला, तर बंगळुरूच्या कंपनीविरुद्ध आता इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. शेठ एकदम सावरून बसले. "हे कलम चांगलंय!"

मग मीही आयोगाची धमकी देऊन पाहिली. शेठ हसले. निकाल शक्यतो तीन महिन्यांत लावावा, असं कायदा म्हणतो. कोणत्या साली सुरू होणारे तीन महिने, तेवढं लिहायचं राहून गेलंय. तारखांचा हिशेब शेठना माझ्यापेक्षा पक्का ठाऊक.

हसू थांबलं ते गल्ल्यावरच्या लाल डब्याने. मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाने पैसे भरले आणि डबा ओरडला, "बाराशे रुपये प्राप्त झाले." दिवाळीत तो माझ्याही नावाने असाच ओरडला होता. रक्कम, तारीख, वेळ, सगळं माझ्या फोनमध्ये होतं. मी ते दाखवलं. शेठनी आपल्याच पैशाने गल्ल्यावर बसवलेल्या त्या साक्षीदाराकडे बराच वेळ पाहिलं. मग पूर्ण रकमेची क्रेडिट नोट लिहून दिली.

तुम्ही पैठणी घ्यायला जाल, तेव्हा बिलावर 'हातमाग पैठणी' एवढे दोन शब्द लिहून मागा. पेन घरून न्या. तिथलं नेमकं तेव्हाच चालत नाही.