तोंडावरचा नकार

आमच्या नवीन पनवेलच्या घरात दोन संगणक आहेत, दोन्ही लिनक्सवाले. आतल्या खोलीतल्या थोराड डेस्कटॉपचं नाव प्रबळगड, हॉलमधल्या लॅपटॉपचं कर्नाळा. खरे गड एकमेकांना लांबून खुशाल न्याहाळतात. आमच्या गडांमध्ये मात्र भाच्याच्या मुंजीचे फोटो इकडून तिकडे धाडायचे म्हटले, की अबोला.

फोटो जातात एसएसएचवरून, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात सुरक्षितपणे शिरायच्या वाटेवरून. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून टिपले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली ही सोय लिहिली. तिला पोर्ट, म्हणजे ये-जा करायचा दरवाजा, मिळाला २२ नंबरचा, तो आजतागायत तोच आहे.

पडद्यावर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ उमटलं, की नवखा हिरमुसतो आणि मुरलेला खूश होतो. नकार द्यायला पलीकडे कुणीतरी जागं लागतं! वाय-फाय ठीक, पत्ता ठीक, फक्त २२ नंबरवर ऐकणारं कुणी नाही. उबुंटू लिनक्सच्या डेस्कटॉपवर एसएसएचचा सर्व्हर मुळात नसतोच. तो टाकला की बहुतेकदा काम फत्ते. ‘परमिशन डिनाइड’ तर त्याहून आशादायक. तिथवर पोहोचलो, आता ओळख पटवायची तेवढी राहिली. ‘नो रूट टू होस्ट’ आलं, तर रात्री वीज जाऊन आल्यावर राउटरने प्रबळगडाला नवा पत्ता देऊन टाकला नाही ना, ते बघायचं.

खरा वैताग ‘कनेक्शन टाइम्ड आउट’चा. कर्सर लुकलुकतोय, चहा उकळून, गाळून, पिऊन झाला, तरी ना हो, ना नाही. हे काम बरेचदा फायरवॉलचं. तिच्याकडे नको असलेल्याला वाटेला लावायच्या दोन तऱ्हा असतात. रिजेक्ट म्हणजे तोंडावर ‘नाही’. ड्रॉप म्हणजे आलेली विनंती गिळून गप्प बसणं. परक्याला आपला सुगावासुद्धा लागू नये, म्हणून ही गप्प बसण्याची रीत. उबुंटूची यूएफडब्ल्यू ही फायरवॉल सुरू केली की आपणहून तीच धरते.

आपल्याकडे ही फायरवॉल जन्मतःच बसवलेली असते. ‘बघू’, ‘कळवतो’, ‘गणपती होऊन जाऊ देत’. तोंडावर नाही म्हणणारा उद्धट ठरतो, वर्षभर झुलवणारा सज्जन. परवा मुंजीच्या फोटोंसाठी उरणहून ताईचा फोन आला. मी सवयीने म्हटलं, “पाठवतो गं.” ती म्हणाली, “जमणार नसेल तर तसं सांग ना रे. म्हणजे मी फोटोग्राफरकडून तरी मागवीन!”

मुद्दा बिनतोड होता. नकार मिळालेला माणूस दुसरी वाट धरतो, बिनउत्तराचा तिथेच ताटकळतो. प्रबळगडावर मी कर्नाळ्याला २२ नंबर मोकळा केला, बाकी सगळ्यांसाठी ड्रॉपचं रिजेक्ट केलं. फोटो भराभर गेले. आता आमच्या घरात तोंडावर नाही म्हणणारा निदान एक जण तरी आहे. आल्यागेल्यांशी बोलायला त्यालाच बसवावं म्हणतोय.