साठीनंतर हेमलकशाला जाऊ नये

तब्येत सांभाळायची तर ती चंद्रपुरातच सांभाळावी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. इथे त्यासाठी सगळी व्यवस्था आहे. बागेत चालायला फरशीची वाट आहे, वाटेच्या कडेला बसायला बाक आहेत आणि बाकांवर कालच रक्त तपासून आलेली माणसं आहेत. 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र शहराला लागून असल्यामुळे पहाटे खोल श्वास घेण्यालाही थोडं शौर्य लागतं. आमच्या प्रभातफेरी मंडळात साखर, रक्तदाब, प्रोस्टेट आणि गुडघे या चारही विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे सभासद आहेत. माझ्याकडे कंबर आहे. चौथा-पाचवा मणका, सोबत एमआरआय. या कंबरेच्या जोरावर मी मंडळात बरं स्थान राखून होतो. ते हेमलकशाला गेलं.

सुरुवात आमच्या अध्यक्षांनी केली. आयुष्याच्या उत्तरार्धात माणसाला नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, जगायला काही कारण लागतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. ओकिनावा बेटावरचे म्हातारे त्यामुळेच शंभरी गाठतात म्हणे. जपानला जाणं मंडळाच्या शिलकीत बसत नसल्यामुळे गडचिरोलीच्या जंगलातलं, आमट्यांच्या लोक बिरादरी प्रकल्पाचं हेमलकसा ठरलं.

एसटीने जायचं ठरलं, कारण 2022च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तरपर्यंत अर्धं तिकीट. याचा परिणाम असा झाला की जे सभासद एरवी आपण दिसतो त्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहोत असं भासवतात, ते आधारकार्ड छातीशी धरून कंडक्टरची वाट पाहत बसले. कोषाध्यक्षांना पंचाहत्तरीला काही महिने कमी पडतात. सहल तेवढी पुढे ढकलावी असं त्यांनी सुचवून पाहिलं. बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली असा तो रस्ता. आलापल्लीपासून पुढे साठेक किलोमीटर जंगलातून जावं लागतं. तेवढ्यासाठी जीप केली.

या साठ किलोमीटरांबद्दल माझी तक्रार आगळी आहे. मनगटावरचं यंत्र त्या रस्त्याला चालणं समजलं. मी मागच्या सीटवर दोन गुडघ्यांच्या दोन पेशंटांमध्ये दाबून बसलो होतो आणि पेरमिली मागे पडेस्तोवर माझी निम्मी पावलं भरली होती. ताडगावच्या पुढे यंत्राने थरथरून माझं अभिनंदन केलं. रोज दहा हजार पावलं हे ज्यांना शास्त्रवचन वाटतं त्यांच्यासाठी सांगतो: हा आकडा कुठल्या वैद्यकीय परिषदेत ठरलेला नाही. 1964च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच ‘दहा हजार पावलं’ घातली. आकडा गोल होता, लक्षात राहिला. तेव्हापासून जगातले निवृत्त लोक रात्री जेवणानंतर राहिलेली पावलं भरायला दिवाणखान्यात फेऱ्या मारत आहेत.

दिवस मार्चचे होते, मोहफुलांचे. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मोहाची फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. त्यामुळे पहाटे पाचला आम्ही जॅकेट, माकडटोपी आणि पांढरे बूट घालून ‘सर्वांत आधी उठलेली माणसं’ म्हणून रस्त्यावर आलो, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा अख्खं गाव कामाला लागलेलं होतं. हा पहिला अपमान.

एका झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन काळी, स्वच्छ करून ठेवलेली होती. त्यावर फिकट पिवळी फुलं पडलेली, द्राक्षाएवढी, मांसल, ओलसर. एक माडिया आदिवासी आजी उकिडवी बसून ती वेचत होती. एकेक फूल दोन बोटांनी उचलायचं, मूठ भरली की टोपलीत टाकायचं आणि बसल्या बसल्याच पाऊलभर पुढे सरकायचं. उठायचं नाही. झाडाचा घेर असा उकिडव्यानेच पुरा केल्यावर ती उठली. जमिनीला हात न लावता, गुडघ्यावर तळवा न टेकता, ‘आई गं’ न म्हणता. वर टोपली भरलेली. आमच्यात यातली एकही गोष्ट, टोपली वगळूनही, कोणाला येत नाही.

आम्ही आपले त्या झाडापासून पुढच्या वळणापर्यंत जायचो आणि परत यायचो. अध्यक्ष हात गोल फिरवत होते. मुक्कामाच्या ठिकाणाहून आमच्याबरोबर नर्सिंग शिकणारा एक माडिया मुलगा आला होता. आजीने त्याला बोलावून काहीतरी विचारलं. तो हसू दाबत आमच्याकडे आला.

“काका, आजी विचारून राहिली, तुमचं काही हरवलं का?”

चालणं तब्येतीसाठी असतं हे त्याने तिला समजावलं. ती ऐकत राहिली. मग पुन्हा काही बोलली.

“आता काय म्हणते?”

“घरी काम नाही का, म्हणते.”

अध्यक्षांनी हात फिरवणं थांबवलं. आजीचं वय किती, असं कोषाध्यक्षांनी विचारलं. मुलगा म्हणाला, साठ असेल, सत्तरही असेल. कोषाध्यक्षांना हे बेजबाबदार वाटलं. जन्मतारीख नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय, असं ते परतेपर्यंत अधूनमधून म्हणत होते.

यापेक्षा वाईट संध्याकाळी झालं. मंडळात एक सभासद असा असतोच, ज्याने सगळं वाचलेलं असतं. त्याने सांगितलं की ब्राझीलच्या डॉक्टरांनी 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 51 ते 80 वर्षांच्या दोन हजारांवर लोकांना जमिनीवर बसून उठायला लावलं. एकूण गुण दहा. हात, गुडघा, कोपर, जे टेकेल त्याचा एक गुण कापायचा, तोल गेला तर अर्धा. पुढची काही वर्षं ज्यांचे गुण कमी त्यांच्यात मृत्यूंचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, “करून बघायचं का?” वयाच्या या टप्प्यावर मित्र असावेत असं सगळे तज्ज्ञ सांगतात. कसे असावेत ते कोणी सांगत नाही. माझे गुण मंडळाच्या दप्तरात आहेत. उठताना मी सतरंजी, खाटेचा पाय आणि कोषाध्यक्ष अशा तीन गोष्टी टेकल्या. कोषाध्यक्षांचा गुण कापायचा की नाही यावर वाद आहे.

दुसऱ्या दिवशी लोक बिरादरी प्रकल्पाचा दवाखाना पाहायला गेलो. इथे माझ्या कंबरेचा निकाल लागला.

हा प्रकल्प बाबा आमट्यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी सुरू केला, हे सगळ्यांना पाठ असतं. बाबांचा जन्म 26 डिसेंबर 1914चा, हेही असतं. वजाबाकी कोणी करत नाही. मी केली, कारण जिल्हा परिषदेत माझा जन्म गेला, सेवापुस्तकं भरण्यात. एकोणसाठ पुरी व्हायला तीन दिवस कमी. म्हणजे सरकारी नियमाने अठ्ठावन्नला निवृत्त व्हायला हवं होतं, पेन्शनचे कागद करायला हवे होते, गच्चीवर कुंड्या मांडायच्या होत्या. त्याऐवजी हे गृहस्थ रस्ता नसलेल्या, वीज नसलेल्या जंगलात नवीन काम काढतात. बरं, तब्येत ठणठणीत असती तर म्हटलं असतं, असेल बुवा एखाद्याची. पण बाबांचा मणका इतका खराब होता की पुढे त्यांना बसताच येत नसे. उभं तरी राहायचं, नाहीतर आडवं तरी व्हायचं. निवृत्तीत जे मुख्य काम, तेच त्यांना जमत नव्हतं. मग 1985च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे त्यांची भारत जोडो यात्रा निघाली. पोरं सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. 1990 साली, पंचाहत्तरीत, आनंदवन सोडून नर्मदेकाठी राहायला गेले.

हे ऐकताना एक हात कंबरेवर ठेवून उभं राहायची माझी सवय. तो हात मी खाली घेतला. अध्यक्षांच्या ते लक्षात आलं आणि परतीच्या जीपमध्ये त्यांनी त्याचा दोनदा उल्लेख केला.

बाबांचे चिरंजीव प्रकाश आमटे प्रकल्प सुरू झाला तेव्हा पंचविशी गाठायला तीन दिवस कमी असलेले डॉक्टर. वाढदिवस बापलेकाचा एकच. त्यांनी आणि मंदाकिनी आमट्यांनी जे उभं केलं त्याला 2008चं मॅगसेसे मिळालं, ते सगळं छापून आलेलं आहे. आमच्या मंडळाला खटकलं ते वेगळंच. हा माणूस उभं आयुष्य अर्धी चड्डी आणि बनियनवर राहिला. आम्ही मार्चमध्ये थर्मल घालून तिथे उभे. 2022 साली, चौऱ्याहत्तरीकडे आलेले असताना, त्यांना रक्ताचा कर्करोग झाला, पुण्यात उपचार घेतले आणि ते पुन्हा हेमलकशालाच आले. आमच्यातल्या एकाने अँजिओप्लास्टीनंतर मुलाकडे बंगळुरूला कायमचं स्थायिक व्हायचं ठरवून वरचा मजला भाड्याने दिला आहे. तो या भागात बाहेर जाऊन उभा राहिला.

आता एवढं सगळं पाहिल्यावर शहरी माणूस जे करतो ते आम्ही केलंच. आदिवासी किती निरोगी, त्यांचा आहार किती नैसर्गिक, असं सुरू झालं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झाल्यापासून आमच्या घरी कोसरीसारख्या धान्यांची पाकिटं येतात, त्यावर पानं आणि हसणारी बाई छापलेली असते. मंडळातल्या महिलांनी लगेच त्या मुलाला गाठलं. कोसरी काय भाव? तेल किती वापरता? दूध कोणतं पिता? तो म्हणाला, आमच्यात जुने लोक गाईचं दूध काढतच नाहीत, ते वासराचं असतं. यावर सगळ्या गप्प झाल्या. आमच्याकडे या प्रश्नावर साय काढावी की नाही इतपतच विचार झालेला आहे.

मग त्या मुलाने, काही मनात न ठेवता, आम्हाला दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेले लोक दाखवले. मोहाच्या दिवसांत अस्वलांनाही मोहफुलं लागतात. पहाटे एकाच झाडाखाली दोघं आले की अस्वल आधी तोंडावर हात टाकतं. हिवतापाने मेंदू गाठला तर माणूस एका रात्रीत जातो. सिकलसेल आहे. दवाखाना नव्हता तेव्हाचं तर बोलायलाच नको. मग कंदिलाच्या उजेडात टाके पडू लागले, मोडलेली हाडं बसू लागली, आणि काही माणसं म्हातारी होऊ लागली. आम्ही उत्तरार्ध कसा घालवावा या चिंतेत आलो होतो. इथे तो मिळावा यासाठीच पन्नास वर्षं खटाटोप चाललेला आहे. ही माहिती सहलीच्या पत्रकात असती तर आम्ही ताडोबाला गेलो असतो. वाघ निदान आपल्याशी कसली तुलना होऊ देत नाही.

दिलासा मिळाला तो त्या वाचणाऱ्या सभासदाकडून, रात्री. गडचिरोलीच्या ‘सर्च’चे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने आदिवासींच्या आरोग्यावर 2018 साली केंद्र सरकारला अहवाल दिला. त्यात म्हटलंय की आदिवासींमध्येही चारातल्या एका प्रौढाला उच्च रक्तदाब आहे. खोलीत एकदम चैतन्य आलं. रक्तदाबवाले तिघंही उठून बसले. “म्हणजे चालून काही होत नाही,” असं एकाने म्हटलं आणि कोणी खोडलं नाही. त्या अहवालात पुढे काय आहे ते वाचायची गरज कोणाला वाटली नाही. मी वाचलं. मंडळाला बरं वाटेल असं त्यात पुढे काही नाही.

परत आल्यापासून घरात बदल आहेत. सौ.नी दोन पाट करून आणले आहेत. डायनिंग टेबलावर आता कुंड्या. जमिनीवर बसून जेवायचं, गुडघे वाकते राहतात. वाकते राहतात हे खरं आहे. माझे तर जेवण झाल्यावरही राहतात. कंबरेचं नाव काढलं की सौ. काही बोलत नाहीत, फक्त “आडवे होता का बाबांसारखे?” एवढंच विचारतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. माझ्या हिशेबाने पाटावरून उठण्यातच त्यातली बरीचशी जातात, पण ती धरायची की नाही याबद्दल घरात आणि संघटनेत एकवाक्यता दिसत नाही.

एमआरआयची फाइल कपाटाच्या वरच्या खणात गेली आहे. तिथे पोचायला स्टूल लागतो आणि स्टूल आता बागकामाला आहे.

मंडळाच्या एप्रिलच्या सभेत अध्यक्षांनी ठराव मांडला की यापुढच्या सर्व सभा खुर्च्यांऐवजी सतरंजीवर व्हाव्यात. मी विरोधात मत दिलं. ठराव मंजूर झाला आणि लगेच अमलात आणला गेला. इतिवृत्तात सभा साडेसहाला संपल्याची नोंद आहे. आभारप्रदर्शन झाल्यावर अध्यक्षांनी सर्वांना चहासाठी उठायला सांगितलं. चहावाला पोरगा किटली घेऊन दारात उभा होता. सात वाजता त्याने चहा आहे तिथेच, सतरंजीवर, आणून दिला.