मागचा मिस्त्री

देवबागात कर्लीच्या खाडीकाठी आबांचं घर आहे. पडवीत पाहुण्याला खुर्ची मिळेलच असं नाही. तिच्यावर बहुधा कुणाचा तरी कार्बोरेटर बसलेला असतो. डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटींची इंजिनं पोरं हल्ली थेट मालवणात नेतात. तिथेही ज्याची आशा सोडली जाते, ते आबांकडे येतं. आबा चष्मा कपाळावर चढवतात, पहिला नट सैल करतात आणि विचारतात, "हेका कोणी हात लावल्यान?"

हा प्रश्न नव्हे, आरोपपत्र. आबांच्या मते इंजिन आपणहून बिघडतच नाही. ते मागच्या मिस्त्रीनं बिघडवलेलं असतं. नटाच्या कडा झिजल्या? मागच्या मिस्त्रीनं पाना शोधायचा कंटाळा करून पक्कड चालवली. स्क्रूची खाच गेली? मेल्यानं सुरी फिरवली. या मिस्त्रीला नाव नाही, गाव नाही, पण आबा त्याच्या आज्या-पणज्यापर्यंत जाऊन येतात. गवंड्यांत आणि दातांच्या डॉक्टरांतही ही जात सापडते म्हणा. फरक इतकाच, की दाताचा डॉक्टर बोलायला लागतो तेव्हा आपलं तोंड उघडं असतं आणि आपल्याला मागच्या डॉक्टरची बाजू घेता येत नाही.

आबांच्या स्वतःच्या मालकीचं इंजिन एकच, ब्रिटिश सीगल. मुंबईत नोकरीला असताना दारूखान्यातल्या भंगारातून उचललेलं. इंग्लंडात 1930 च्या दशकात निघालेलं हे इंजिन 1990 च्या दशकात बनायचं थांबलं. पितळी टाकी, वर उघडंवाघडं फ्लायव्हील, खाली लांब नळी आणि टोकाला पंखा. अंगावर झाकण म्हणून नाहीच. त्यामुळे आतलं सगळं दिसतं, आणि दिसलं की आबांचे हात शिवशिवतात. कित्येक वर्षं ते पडवीच्या खांबाला टांगलेलं होतं. यंदा पाऊस सरता सरता आबांनी ते खाली उतरवलं.

काम चालू असताना आबा व्याख्यान देतात. ओले इव्हिनरूड हा अमेरिकेत वाढलेला नॉर्वेचा माणूस. एकदा उन्हात तळं वल्हवत जाऊन त्यानं आपल्या मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणलं, ते वाटेतच वितळलं, म्हणून त्यानं होडीला मागून अडकवायचं इंजिन केलं आणि 1909 मध्ये विकायला काढलं. ती मैत्रीण पुढे त्याची बायको झाली आणि धंद्याच्या जाहिराती तिनंच लिहिल्या. हे सांगताना आबांचा आवाज जरा हळवा होतो. आतून काकींचा आवाज येतो, "तेना निदान आइस्क्रीम तरी हाडल्यान. तुमी माझ्या सोलकढीच्या टोपात पेट्रोल ओतलात!"

आधी ठिणगी बघायची. आबांनी प्लग काढला, वायरीला जोडला, माझ्या हातात दिला आणि दोरी ओढली. काही नाही. मग फ्लायव्हील उतरवलं. खाली पॉइंटवर खाऱ्या हवेनं हिरवट बुरा चढलेला. "बघ, मागच्यान पॉइंट पुसूक पण नाय!" पॉलिश पेपरचा तुकडा दोन पॉइंटांमध्ये सरकवून त्यांनी चार वेळा हलकेच ओढला, फुंकर मारली, चाक चढवलं, प्लग पुन्हा माझ्या हातात दिला आणि दोरी ओढली. मी ओरडलो.

"स्पार्क आसा," आबा समाधानानं म्हणाले.

मग कार्बोरेटर. उरलेलं पेट्रोल आत सुकून पिवळट चिकटा झालेला, जेट बुजलेलं. ते धुऊन काढलं. आबांची जीभ अर्थात थांबली नव्हती, मागच्या मिस्त्रीची आता आजी चालू होती. कार्बोरेटर जिथे सिलिंडरला जोडतात, तिथलं पॅकिंग त्यांनी नखानं अलगद सोडवलं आणि उजेडात धरलं. पॅकिंग कागदाचं होतं. कागद कालनिर्णयचा होता. एका तारखेच्या चौकोनात काकींच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'दूध नाय.'

काकी नेमक्या चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून अक्षर वाचलं, चहा ठेवला आणि काही न बोलता उभ्या राहिल्या. बोलण्यापेक्षा ते फार वाईट होतं.

आबांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "पॅकिंग मात्र बरां कापल्यान हा," ते म्हणाले, आणि नवं कापायला भिंतीवरच्या कालनिर्णयकडे वळले.

"आणि माका संकष्टी खंयच्या दिवशी ता कसा कळतला?" काकींनी वाट अडवली. तेव्हा गेल्या महिन्याच्या पानावर तह झाला.

जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलला एक भाग ऑइल लागतं, म्हणजे धूर इतका की खाडीकाठचे डास गाव सोडतात. शिवाय आबांच्या मॉडेलला न्यूट्रल नाही. इंजिन लागलं की होडी निघालीच. नांगर आत आहे का, माणूस बसलाय का, हे विचारायची पद्धत नाही. आबांनी इंजिन होडीला लावलं, कार्बोरेटरचं बटण पेट्रोल ठिबकेपर्यंत दाबलं, दोरीची गाठ चाकाच्या खाचेत अडकवली, वेढे दिले आणि ओढली. ओढली, पुन्हा वेढे दिले, ओढली. एकदम फटफट झाली, निळा धूर उठला आणि आबा उभ्याचे खाली बसले. सगळा काठ ओरडत होता. होडी सरळ भोगव्याच्या बाजूला निघाली आणि पलीकडच्या वाळूत नाक खुपसून थांबली. इंजिन बंद.

आबा पुन्हा वेढे द्यायला लागले. ओढत राहिले. इंजिन काही ऐकेना. मासे घेऊन परतणारी एक होडी त्यांच्यापाशी थांबली. खाडीवर आवाज लांब जातो, त्यामुळे आम्हांला सगळं ऐकू येत होतं.

"आबानू, काय झाला? इंजिन कोणी खोलल्यान?"

आबांनी आमच्या काठाकडे एकदा बघितलं. काकी पदर खोचून उभ्या होत्या.

"आसा एक मेलो," आबा म्हणाले, "देवबागचो."