बाळाची प्रगती, पालकांची नोंद
तान्ह्या मुलांसाठीच्या शैक्षणिक चित्रफितींचा निकाल पालक लावतात, आणि तो बहुधा शंभर टक्के लागतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात ‘बेबी आइन्स्टाइन’ मालिका निघाली. खेळणी, कठपुतळ्या आणि अभिजात संगीत एवढ्या भांडवलावर घरोघरी प्रतिभावंत घडू लागले. २००१ मध्ये डिस्नेने ती कंपनीच विकत घेतली. २००९ मध्ये मात्र ग्राहकांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवली. २०१० मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२ ते १८ महिन्यांच्या बाळांना शब्द शिकवणारी चित्रफीत चार आठवडे दाखवली होती. ती न पाहणाऱ्यांपेक्षा या बाळांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वाधिक शब्द आले ते आईवडिलांनी चित्रफितीविना, रोजच्या बोलण्यातून शिकवलेल्या बाळांना. पण ही पद्धत खोक्यात भरून विकता येत नाही. गंमत पुढेच आहे. चित्रफीत ज्या पालकांना आवडली, त्यांना बाळही पुष्कळ शिकल्याचे जाणवले. बाळाचे मत नोंदवलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील मुलांना पडदा नकोच, असे सांगितले. तरीही चित्रफीत उपयोगी आहे हे पालकांचे म्हणणे खोटे नाही: ती सुरू असताना कुकर लागतो, अंघोळ उरकते, चहा गरम असतानाच पिऊन होतो. वेष्टनावर यातले काहीच छापलेले नसते.