पैसे भरून पायपीट

आमच्या मानखुर्दच्या सोसायटीतल्या एका जोडप्याचं सध्या क्रीटला जायचं घाटतंय. भूमध्य समुद्रातलं हे ग्रीक बेट. दिवसभर चालायचं, संध्याकाळी वाइन चाखायची. सामान गाडीनं पुढच्या हॉटेलात जातं. आपण फक्त तंगडतोड करायची. समारियाची घळ उतरायची म्हणजे १६ किलोमीटर, तीही स्वखर्चानं.

सरावाचं विचाराल तर मानखुर्दकर बारमाही तयारीत असतो. हार्बरच्या लोकलमधून उतरलं की खोदलेला फुटपाथ, उरलेल्या फुटपाथवर लावलेल्या बाइक, मग जीव मुठीत धरून हमरस्ता ओलांडायचा. वारा देवनारच्या कचराभूमीकडून आला की नाकाचीही तालीम होते. तिथे १९२७ पासून माल मुरतोय. एवढं जुनं व्हिंटेज ग्रीसमध्येही सहजी मिळायचं नाही.

वाइन तर नाशिकलाही आहे. पण गंगापूर धरणाकाठचा ग्लास स्टेटसवर टाकला, तर शेजारी ढुंकून बघत नाहीत. शिवाय आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्याचाही परवाना लागतो. २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाइन विकायला हिरवा कंदील दाखवला, तर केवढा गदारोळ! तिकडे असली कटकट नाही. फक्त शेंगेन व्हिसा, ३०,००० युरोंचा विमा आणि बँकेचं स्टेटमेंट.

"अगं, नुसतं चालायला एवढे पैसे?" तळमजल्यावरच्या काकांनी विचारलंच.

"काका, तिथे चालायला जागा असते."