साडूची गाडी, मामांचा कायदा

पिंपरी ते चाकण हा पट्टा अख्ख्या देशाला गाड्या पुरवतो. तिथे राहून स्वतःची गाडी नसणं म्हणजे हलवायाच्या शेजारी राहून मधुमेह असणं. चाकणला बारशाला निघालो तो साडूची एमएच-१४ मागून. किल्ली देताना साडूने विचारलं, "लायसन चालू आहे ना? आणि सोबत कोण?" मामा येताहेत म्हटल्यावर त्याने माझ्याकडे करुणेने पाहिलं.

मामा सौभाग्यवतींचे, आणि विमा कंपनीतून निवृत्त. नाशिक फाट्यापर्यंत कसेबसे गप्प बसले.

"जावईबापू, थर्ड पार्टी विमा गाडीला चिकटलेला असतो. मालकाच्या परवानगीने, लायसनवाला कुणीही चालवो, समोरच्याला भरपाई ह्याच पॉलिसीतून."

"म्हणजे मी निर्धास्त?"

"तुम्ही कसले? समोरचा निर्धास्त!"

मोशीला वाहतूक तुंबली, कायदा मात्र वाहता राहिला. समोरचा माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर विमा कंपनीच्या देण्याला कमाल रक्कम नाही. त्याच्या मालमत्तेला मात्र साडेसात लाखांची मर्यादा. "वरचं तुम्ही आणि साडू बघा." नेमकी तेव्हाच एक कोरी करकरीत मर्सिडीज शेजारी येऊन थांबली. ह्या चाकणात मर्सिडीजचा कारखाना आहे, हे तोवर मला भूषण वाटायचं. मी साडूची गाडी मुकाट्याने डाव्या कडेला घेतली.

कुरुळीला पुढे बैलगाडी दिसताच मामांना २००९ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवला. कर्नाटकातला एकजण मागून आणलेली मोटारसायकल चालवताना पुढच्या बैलगाडीवर आदळून गेला. न्यायालय म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी असतो. मालकाला स्वतःच्याच गाडीच्या विम्यावर थर्ड पार्टी म्हणून हक्क सांगता येत नाही, तसा ह्यालाही नाही. मला प्रथमच मालक झाल्यासारखं वाटलं, पण आनंद काही होईना.

चाकणचा किल्ला घ्यायला १६६० साली शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने लागले. फिरंगोजी नरसाळ्यांचा पराक्रम निर्विवाद, पण तळेगाव चौक तेव्हा असता तर खान पुण्यालाच परतला असता. त्याच चौकात एक टेम्पो आमच्या बंपरला चाटून गेला.

मामा तरुण झाले. "साडूच्या पॉलिसीवर क्लेम केला तर फाइल चार्जचे हजार जातील. वर पाच वर्षांचा पन्नास टक्के नो क्लेम बोनस शून्यावर येईल. ह्याच्या थर्ड पार्टीतून हवं, तर न्यायाधिकरणात जा." मग टेम्पोवाल्याकडे वळून, "टेम्पो कुणाचा?"

"मेव्हण्याचा."

"परवानगी घेतलीस? लायसन ह्याच वर्गाचं आहे ना? पॉलिसी दाखव. खाली बस, समजावतो."

मागे हॉर्नचा कल्लोळ. पंधरा मिनिटांनी टेम्पोवाल्याने मला बाजूला घेतलं. "साहेब, हे हजार घ्या, पण आजोबांना आवरा."

मी पंधराशे म्हणालो.